स्वॅगर, ओपनएपीआय, रॅमल: स्पेक बदलताना न लिहिलेलं कसं हरवतं

नागपूरच्या कळमना बाजारात आज संत्र्याला काय भाव मिळाला हे शेतकरी मोबाइलवर बघतो, तेव्हा त्याच्या ॲपनं कुठल्या तरी सर्व्हरला ठरावीक पद्धतीनं प्रश्न विचारलेला असतो. ॲगमार्कनेटचे रोजचे बाजारभाव केंद्र सरकारच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावरून असेच मिळतात. प्रश्न विचारण्याची आणि उत्तर मिळण्याची ही ठरलेली रीत म्हणजे एपीआय. कोणत्या पत्त्यावर विचारायचं, सोबत काय पाठवायचं, उत्तर कोणत्या आकारात येईल, बिघडलं तर कोणता कोड मिळेल, हे सगळं एका फाइलमध्ये लिहून ठेवतात. त्या फाइलचं नाव स्पेसिफिकेशन, बोलण्यात ‘स्पेक’.

घोळ असा, की स्पेक लिहिण्याचे नमुने अनेक आहेत. मिहान या नागपूरच्या उद्योगक्षेत्रातल्या एखाद्या टीमकडे जुनी स्वॅगर २.० ची फाइल असते, नव्या ग्राहकाला ओपनएपीआय ३.१ हवं असतं आणि टेस्टिंगवाले पोस्टमन या एपीआय तपासण्याच्या साधनात काम करतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘कन्व्हर्ट करून टाक, दोन मिनिटांचं काम.’ दोन मिनिटांत फाइल होतेही. फाइल तपासणारं साधन, म्हणजे व्हॅलिडेटर, एकही चूक दाखवत नाही. आणि तरी नवं ॲप तीन बाजारांचे भाव मागतं तेव्हा एकाच बाजाराचा भाव येतो.

### इतके नमुने आले कुठून?

स्वॅगर हा वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशाच्या कंपनीत टोनी टॅम यांनी सुरू केलेला प्रकल्प. त्याची २.० आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि तीच जगभर पसरली. २०१५ मध्ये हे स्पेसिफिकेशन लिनक्स फाउंडेशनखालच्या ओपनएपीआय इनिशिएटिव्हकडे गेलं. त्यानंतर ओपनएपीआय ३.० आलं २०१७ मध्ये, ३.१ आलं २०२१ मध्ये आणि ३.२ आलं २०२५ मध्ये. स्वॅगर आणि ओपनएपीआय या दोन वेगळ्या वस्तू नाहीत, एकाच घराण्याच्या मागच्या-पुढच्या पिढ्या आहेत.

बाजूनं इतर घराणीही वाढली. म्यूलसॉफ्टचं रॅमल आणि एपियरीचं एपीआय ब्लूप्रिंट ही दोन्ही २०१३ च्या आसपासची. त्याआधीचं, एक्सएमएल या माहिती लिहिण्याच्या पद्धतीवरचं डब्ल्यूएसडीएल अजूनही बँका आणि सरकारी प्रणालींच्या तळाशी सापडतं. आज नवं काम ओपनएपीआयमध्येच करावं, यात फारसा वाद उरलेला नाही. पण जुन्या फाइली आपोआप नव्या होत नाहीत.

### म्हणजे फक्त नावं बदलायची ना?

बरंचसं काम तेच आहे. स्वॅगर २.० मध्ये सर्व्हरचा पत्ता होस्ट, बेसपाथ आणि स्कीम्स अशा तीन रकान्यांत लिहितात, ३.० मध्ये तिघं मिळून सर्व्हर्स नावाची एक यादी होते. डेफिनिशन्सखालचे आकार कंपोनंट्सच्या आत स्कीमाज म्हणून जातात. पॅरामीटर्समध्ये, म्हणजे विनंतीसोबत पाठवायच्या गोष्टींच्या यादीत, ‘बॉडी’ म्हणून लिहिलेला भाग बाहेर पडून रिक्वेस्टबॉडी होतो. कन्झ्यूम्स आणि प्रोड्यूसेस हे दोन रकाने नाहीसे होतात आणि त्यांतला मजकूर, म्हणजे माहिती जेसन या पद्धतीनं लिहायची की एक्सएमएलनं, प्रत्येक विनंती-उत्तराच्या आत कंटेंटखाली जातो. प्रोड्यूसेसमध्ये दोन प्रकार असतील तर प्रत्येक उत्तराचा आकार दोनदा लिहिला जातो, त्यामुळे नवी फाइल फुगते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फाइल अपलोडसाठी लिहिलेला ‘फाइल’ हा प्रकार ‘स्ट्रिंग’ होतो आणि त्याला ‘बायनरी’ अशी पट्टी लागते.

जुना सातबारा नव्या नमुन्यात उतरवताना शेत तेच असतं, मालकही तोच. पण नव्या नमुन्यात गावाच्या नावासोबत एलजीडी कोड, म्हणजे गावाचा सरकारी क्रमांक, लागतो आणि जुन्या कागदावर तो नसतो. उतरवणाऱ्याला तो दुसरीकडून शोधून आणावा लागतो. स्पेकचंही असंच आहे. जे लिहिलेलं असतं ते नव्या रकान्यात नेणं यंत्राचं काम. जे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांनी धरून चाललेलं असतं, तिथे यंत्राला अंदाज करावा लागतो किंवा ते गप्प बसतं.

### एडिटरमध्ये ‘शोधा आणि बदला’ केलं तर?

स्पेकमध्ये एक आकार पुन्हापुन्हा लिहू नये म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणारी खूण वापरतात. तिला डॉलर-रेफ म्हणतात. डेफिनिशन्सकडे दाखवणारे सगळे रेफ कंपोनंट्सकडे वळवले की झालं, असं वाटतं. तीन ठिकाणी हे फसतं.

पहिलं, पॅरामीटर्समधला एखादा रेफ ज्या सामायिक पॅरामीटरकडे जातो तो स्वतः ‘बॉडी’ असू शकतो. मग त्या रेफचं ठिकाणही बदलायला हवं: पॅरामीटर्सच्या यादीतून उचलून रिक्वेस्टबॉडीखाली न्यायचा आणि तो कंपोनंट्समधल्या रिक्वेस्टबॉडीजकडे वळवायचा. त्यासाठी आधी रेफ उलगडून पलीकडे काय आहे ते बघावं लागतं. मजकुराच्या शोधाला ते दिसत नाही. दुसरं, रेफ दुसऱ्या फाइलकडे जात असेल तर तीही फाइल त्याच फेरीत बदलली पाहिजे, नाहीतर अर्धा स्पेक जुना आणि अर्धा नवा राहतो.

तिसरं आपल्यासाठी खास. ओपनएपीआय ३.० मध्ये कंपोनंट्सखालच्या नावांत फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब, आडवी रेघ आणि अधोरेषा चालते. स्वॅगर २.० ला असं बंधन नव्हतं. कुणी आकाराचं नाव देवनागरीत ठेवलं असेल तर ते नव्या फाइलमध्ये अवैध ठरतं. जावाच्या स्प्रिंगफॉक्सनं बनवलेल्या जुन्या स्पेकमध्येही नावांत दुहेरी कोनी कंस येतात, तेही अडतात. नावं बदलायची तर त्यांच्याकडे जाणारा प्रत्येक रेफ बदलायचा, आणि दोन वेगळी नावं साफ केल्यावर एकसारखी होत नाहीत ना हे तपासायचं. वर्णनातला आणि नमुना-उत्तरांतला मराठी मजकूर मात्र जसाच्या तसा चालतो.

### मग तीन बाजारांऐवजी एकच भाव का आला?

समजा, भाव देणाऱ्या एपीआयला कळमना, काटोल आणि नरखेड अशी तीन बाजारांची यादी पाठवायची आहे. यादी पत्त्यात कशी लिहायची हे स्वॅगर २.० मध्ये कलेक्शनफॉरमॅट या रकान्यानं ठरतं. तो रकाना रिकामा असेल तर ‘स्वल्पविरामानं जोडलेली यादी’ असं धरतात, म्हणजे बाजार=कळमना,काटोल,नरखेड. बहुतेक लोक तो रकाना लिहीतच नाहीत.

ओपनएपीआय ३.० मध्ये हेच काम स्टाइल आणि एक्सप्लोड हे दोन रकाने करतात. तेही रिकामे असतील तर पत्त्यातल्या यादीसाठी एक्सप्लोड ‘हो’ धरला जातो, म्हणजे बाजार=कळमना&बाजार=काटोल&बाजार=नरखेड. दोन्ही फाइलींत त्या जागी काहीच लिहिलेलं नाही, तरी अर्थ वेगळा. चांगला कन्व्हर्टर अशा वेळी नव्या फाइलमध्ये ‘एक्सप्लोड: नाही’ असं स्पष्ट लिहून टाकतो. घाईत लिहिलेली स्क्रिप्ट रिकाम्या जागेची रिकामी जागा करते.

आता नव्या स्पेकवरून बनलेलं ॲप तीन वेगळे ‘बाजार’ पाठवतं आणि जुना सर्व्हर स्वल्पविरामाची वाट बघतो. सर्व्हर पायथनच्या फ्लास्कमध्ये लिहिलेला असेल आणि नेहमीच्या पद्धतीनं वाचलं तर पहिलाच बाजार हाती येतो. पीएचपी शेवटचा ठेवतं. नोडच्या एक्स्प्रेसमध्ये तिघांची यादी मिळते, पण पुढचा कोड स्वल्पविरामावर तोडायला जातो आणि पडतो. पहिल्या दोन प्रकारांत एररसुद्धा येत नाही, आणि तेच जास्त वाईट.

रॅमलकडून येताना याच जातीचा दुसरा सापळा आहे. रॅमल १.० मध्ये एखादं फील्ड नुसतं लिहिलं की ते आवश्यक मानलं जातं; ऐच्छिक असेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह लावतात. ओपनएपीआयमध्ये नेमकं उलट: नुसतं लिहिलेलं फील्ड ऐच्छिक, आणि आवश्यक फील्डांची नावं रिक्वायर्डच्या यादीत वेगळी द्यावी लागतात. ती यादी बनवायची राहिली तर नव्या स्पेकमध्ये सगळंच ऐच्छिक होतं आणि वजन न लिहिलेली आवकसुद्धा वैध ठरते.

सर्व्हरच्या पत्त्याचंही तेच. स्वॅगर २.० मध्ये होस्ट आणि स्कीम्स लिहिले नाहीत, तर फाइल जिथून मिळाली तोच पत्ता धरायचा असा नियम आहे. तुमच्या लॅपटॉपवर पडलेल्या फाइलला तो पत्ता कुठून कळणार? तो तुम्हालाच द्यावा लागतो. स्कीम्समध्ये साधं आणि सुरक्षित असे दोन्ही प्रकार असतील तर सर्व्हर्सच्या यादीत दोन नोंदी होतात आणि बरीच साधनं त्यातली पहिली उचलतात. सुरक्षित एचटीटीपीएसची नोंद वर आहे ना, ते डोळ्यांनी बघा.

लॉगिनच्या बाबतीत लोक फार अडकतात. स्वॅगर २.० मध्ये बेअरर टोकनसाठी, म्हणजे ओळख पटवायला विनंतीसोबत पाठवायच्या खुणेसाठी, वेगळा प्रकार नव्हता. म्हणून लोक ‘एपीआय की’ असं लिहीत आणि वर्णनात टीप देत: टोकनाआधी बेअरर हा शब्द टाइप करा. ३.० मध्ये बेअररचा स्वतंत्र प्रकार आहे आणि तो निवडला की साधन तो शब्द स्वतःच जोडतं. कन्व्हर्टर वर्णन वाचून समजून घेत नाही, त्यामुळे तो जुनाच प्रकार पुढे नेतो. ते चालतं. पण कुणी हातानं प्रकार बदलला आणि वर्णनातली टीप तशीच ठेवली, तर वापरणारा टीप वाचून शब्द टाइप करतो, साधनही जोडतं, आणि सर्व्हरकडे ‘बेअरर बेअरर’ जातं. उत्तर येतं ४०१, म्हणजे ओळख पटली नाही. प्रकार बदलला की टीपही काढा.

### ३.० वरून ३.१ तर एवढुसा बदल आहे?

आवृत्तीचा आकडा फसवा आहे. ३.१ नं आकार लिहिण्याचे नियम जेसन स्कीमा या वेगळ्या मानकाच्या २०२०-१२ आवृत्तीशी जुळवून घेतले. ३.० मध्ये ‘हा भाव रिकामा असू शकतो’ हे नलेबल या रकान्यानं सांगतात, ३.१ मध्ये तो रकानाच नाही, प्रकारांच्या यादीत ‘नल’ लिहायचं. वरचा आवृत्तीचा आकडा बदलून नलेबल तसाच ठेवला तर ३.१ ची साधनं त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. बाजार बंद असलेल्या दिवशी सर्व्हर रिकामा भाव पाठवतो आणि तपासणारं साधन त्याला चूक ठरवतं. ‘शून्यापेक्षा जास्त’ ही अटही बदलली: ३.० मध्ये किमान शून्य आणि सोबत एक्सक्लुझिव्हमिनिमम ‘हो’ असं लिहीत, ३.१ मध्ये एक्सक्लुझिव्हमिनिममलाच थेट शून्य हा आकडा द्यायचा. इथे निदान व्हॅलिडेटर ओरडतो.

### ०७१२ चे ४५८ कसे झाले?

हा दोष स्पेकचा नाही, यॅमलचा, म्हणजे फाइल ज्या लेखनपद्धतीत असते तिचा. बहुतेक स्पेक यॅमलमध्ये लिहितात, कारण ते वाचायला सोपं. पण यॅमल अवतरणचिन्हाशिवाय लिहिलेल्या मजकुराचा प्रकार स्वतः ठरवतं. नमुना-उत्तरात नागपूरचा एसटीडी कोड ०७१२ असा उघडा लिहिला आणि फाइल पायथनच्या पायवायएएमएलनं वाचली, तर सुरुवातीच्या शून्यामुळे ती अष्टमान संख्या समजली जाते आणि हाती ४५८ येतात. यॅमल १.२ पाळणाऱ्या साधनात ७१२ मिळतात. शून्य दोन्हीकडे गेलंच.

आवृत्ती १.१० उघडी लिहिली तर ती दशांश संख्या होऊन १.१ बनते. उघडी तारीख पायथनमध्ये तारखेची वस्तू होते आणि जेसन लिहिताना प्रोग्राम पडतो. इंग्रजी यस आणि नो हे शब्द जुन्या नियमानं खरं-खोटं होतात. उत्तराचा कोड २०० उघडा असेल तर तो आकडा होतो, आणि तुमचा कोड मजकूर म्हणून ‘२००’ शोधत राहतो. उपाय एकच: असं सगळं अवतरणचिन्हांत ठेवा, आणि कन्व्हर्ट करण्याआधी ठेवा.

लिहितानाही दोन गोष्टी. पायवायएएमएल सांगितल्याशिवाय नावं वर्णानुक्रमे लावतं आणि देवनागरी मजकुराच्या जागी युनिकोडचे सांकेतिक आकडे छापतं. सॉर्ट-कीज बंद करा, अलाउ-युनिकोड चालू करा. जेसनसाठी एन्शुअर-आस्की बंद करा. फाइलमधल्या टिप्पण्या जपायच्या असतील तर रुआमेल ही लायब्ररी घ्या, कारण पायवायएएमएल त्या वाचतानाच टाकून देतं.

### नव्यातून जुन्यात कशाला कुणी जाईल?

नाइलाजानं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटमध्ये दुसऱ्या सेवेशी जोडणारा स्वतःचा कनेक्टर बनवायला २.० चीच फाइल लागते. गूगल क्लाउडचा एपीआय गेटवेही बरीच वर्षं २.० वरच चालत होता. या दिशेला मजकूर खरोखर कमी होतो. ‘या दोनपैकी एक आकार’ असं सांगणारे वनऑफ आणि एनीऑफ २.० मध्ये नाहीत, कुकीतून जाणारे पॅरामीटर नाहीत, कॉलबॅक, म्हणजे सर्व्हरनं उलट पाठवायच्या विनंत्या, नाहीत, आणि जेसनला एक आकार व एक्सएमएलला दुसरा असंही लिहिता येत नाही. वनऑफच्या जागी कन्व्हर्टर पहिला आकार ठेवतो की सगळे काढून ‘काहीही’ म्हणतो, हे साधनाच्या मर्जीवर. म्हणून ३ ची फाइल मूळ धरा आणि २.० ची फाइल दर वेळी तिच्यातून बनवा. दोन्ही हातानं सांभाळायला गेलात तर महिन्याभरात त्यांची फारकत होते.

पोस्टमनच्या कलेक्शनमधून, म्हणजे साठवलेल्या विनंत्यांच्या संचातून, स्पेक बनवणं याहून अवघड, कारण कलेक्शनमध्ये नियम नसतात, प्रत्यक्ष विनंती-उत्तरांचे नमुने असतात. नमुन्यात भाव ४२०० असेल तर साधन त्याला पूर्णांक म्हणेल. दुसऱ्या दिवशी ४२००.५० आले की चूक. कोणतं फील्ड आवश्यक हे एका नमुन्यावरून कळतच नाही. अशी निघालेली फाइल कच्चा मसुदा समजावी.

### स्वतः कोड लिहायचा तर?

स्वॅगर २.० वरून ३.० साठी लिहू नका. नोडवर चालणारं स्वॅगर-टू-ओपनएपीआय हे साधन बरंच वापरून तावूनसुलाखून निघालेलं आहे. स्वतःचं लिहिण्याची वेळ येते ती कंपनीच्या घरगुती एक्सेल तक्त्यासाठी किंवा वर्डमधल्या कागदासाठी.

तेव्हा तीन भाग वेगळे ठेवा: वाचणारा, मधला आकार आणि लिहिणारा. सहा नमुन्यांत थेट रूपांतरं करायची तर ६ × ५ म्हणजे ३० कन्व्हर्टर लागतात. मधला एक आकार ठेवला तर ६ वाचणारे आणि ६ लिहिणारे, एकूण १२. पण मधल्या आकाराला जे सांगता येत नाही ते दोन्ही बाजूंना असूनही गळतं, म्हणून तो सगळ्यांत बोलका हवा. वाचणाऱ्या भागानं गृहीत धरलेल्या सगळ्या गोष्टी मधल्या आकारात स्पष्ट भराव्यात: यादी कशी जोडायची, आवश्यक की ऐच्छिक, पत्ता कोणता. लिहिणाऱ्यानं त्या छापाव्यात, अनावश्यक वाटल्या तरी. आणि जे नेता आलं नाही त्याची यादी वेगळ्या फाइलमध्ये काढावी. अशी यादी न देणाऱ्या कन्व्हर्टरवर विश्वास ठेवू नये.

रेफ उलगडताना गोल फिरणारे रेफही येतात, जसं तालुक्याच्या आत बाजार आणि बाजाराच्या आत पुन्हा तालुका. भेट दिलेल्या रेफची नोंद ठेवली नाही तर प्रोग्राम संपतच नाही. रेफच्या वाटेत तिरकी रेघ असेल तर ती ~१ अशी लिहितात आणि ~ स्वतः ~० असं. वाचताना आधी ~१ उलटवा, नंतर ~०. क्रम चुकला तर ~०१ चा ‘~१’ होण्याऐवजी तिरकी रेघ होते.

### एआयला सांगितलं तर? किंवा एखादं ऑनलाइन साधन?

छोट्या फाइलला एआय बरं काम करतं. मोठ्या फाइलमध्ये मधला भाग गाळणं किंवा रिकामी जागा स्वतःच्या माहितीनं भरणं, हे दोन्ही होऊ शकतं. संत्र्याच्या बहाराच्या फील्डमध्ये आंबिया आणि मृग एवढेच पर्याय असतील, तर ते ‘हस्त’ही जोडू शकतं. हस्त बहार असतो हे खरं, पण तुमच्या सर्व्हरला तो माहीत नाही. एआयकडून कन्व्हर्टरचा कोड आणि त्याच्या चाचण्या लिहून घ्या, फाइल त्या कोडनं बदला. मग उत्तर दर वेळी तेच येईल आणि चूक सापडली तर ती एका जागी दुरुस्त होईल.

ऑनलाइन साधनावर स्पेक चढवताना आधी फाइल वाचा. तिच्यात आतल्या सर्व्हरचे पत्ते आणि नमुन्यादाखल चिकटवलेली खरी टोकनं निघतात.

### बरोबर झालं हे ओळखायचं कसं?

व्हॅलिडेटर फक्त व्याकरण बघतो. त्याच्या पुढे जाऊन आधी मोजा: जुन्या फाइलमध्ये पत्ता आणि क्रिया यांच्या जोड्या जितक्या, तितक्याच नव्यात हव्यात. प्रत्येक जोडीचा ऑपरेशनआयडी, म्हणजे तिचं ठरलेलं नाव, तोच हवा. तो नसला तर क्लायंट, म्हणजे सर्व्हरला विचारणारा कोड, बनवणारं साधन स्वतः नाव ठरवतं, ते बदललं की ॲपचा कोड कंपाइल होत नाही. रिक्वायर्डच्या याद्या आणि लॉगिनचे प्रकार समोरासमोर ठेवा.

मग खरी चाचणी. जुन्या आणि नव्या स्पेकवरून एकाच साधनानं दोन क्लायंट बनवा, दोघांना तीच माहिती द्या आणि प्रत्यक्ष बाहेर पडलेल्या विनंत्या, पत्ता, हेडर आणि बॉडीसकट, ओळीनं जुळवा. यादीचा गोंधळ इथे लगेच उघडा पडतो. त्याशिवाय प्रिझम हे साधन मधला दलाल म्हणून चालवता येतं: विनंती त्यातून खऱ्या सर्व्हरकडे जाते आणि येणारं उत्तर नव्या स्पेकशी ताडून बघितलं जातं. बाजार सुरू असलेल्या आणि बंद असलेल्या, अशा दोन्ही दिवशी ते चालवा, म्हणजे रिकाम्या भावाचं उत्तरही त्यातून जाईल.

काही जण २.० वरून ३.० आणि परत २.० असा फेरा मारून फाइली जुळल्या की समाधान मानतात. तो पुरावा अपुरा आहे: जाताना चुकीचं धरलेलं येतानाही तसंच चुकीचं धरलं, तर दोन्ही चुका एकमेकींना झाकतात आणि फाइल तंतोतंत जुळते.